सळईवरची खूण

मामांना राग आला की ते ओरडत नसत, नम्र होत. क्लबच्या मॅनेजरवर चिडले की कमरेत वाकून 'आपण म्हणाल तसं' म्हणायचे, बायकोवर चिडले की तिलाच 'अहो' म्हणून हाक मारायचे, आणि राग अगदी डोक्यात गेला की समोरच्याला चहा घेणार का म्हणून विचारायचे. मामी म्हणायच्या, ह्यांनी चहा विचारला की मी बॅग भरायला घेते. लोक हसायचे, मामाही हसायचे. पुढे जे झालं ते झालं नसतं तर ही सवय हसण्यावारीच गेली असती.

मामा क्लबच्या मैदानाचे माळी. उभी हयात त्यांनी त्या एका मैदानावरचं गवत कापण्यात घालवली. खेळायला येणारी पोरं त्यांना मामा म्हणत, ती पोरं बाप झाली तरी मामाच म्हणत राहिली, आणि लेकीचं लग्न झाल्यावर जावईही मामाच म्हणू लागला. त्यांच्या ताब्यात गवत कापायचं एक मशीन होतं, वर बसून चालवायचं, ट्रॅक्टरचं धाकटं भावंड म्हणावं असं. रंग पिवळा म्हणून नाव पिवळी. रंग कधीच उडून गेला होता, पण नाव टिकलं.

निवृत्त व्हायची वेळ आली तेव्हा आपली जागा जावयाला मिळावी म्हणून मामांनीच मॅनेजरच्या केबिनचे उंबरठे झिजवले. जावयाचा कारखाना बंद पडला होता. लेक आणि तो आज या नातेवाइकाकडे, उद्या त्या नातेवाइकाकडे असे दिवस ढकलत होते. माळ्याच्या नोकरीबरोबर मैदानाच्या भिंतीला लागून दोन खोल्यांची क्वार्टर मिळायची. लेक लहानाची मोठी तिथेच झालेली. मॅनेजर हो म्हणाला, पण अट घातली की वर्षभर काम बघू, मग कायम करू. मामा-मामींनी आपलं सामान रस्त्यापलीकडे भाड्याच्या खोलीत नेलं आणि लेक नवऱ्याला घेऊन पुन्हा आपल्या जुन्या घरात आली. आल्या आल्या तिने स्वयंपाकघराच्या भिंती स्वतः रंगवल्या. मामांना त्या दिवशी आयुष्यात काहीतरी धड केल्यासारखं वाटलं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते पट्ट्यांवरून.

मामा गवत कापायचे ते गोल गोल. मैदानाच्या कडेने सुरुवात करायची आणि फिरत फिरत मध्यावर यायचं. कुणी विचारलं नाही की असंच का, आणि त्यांनीही कधी स्वतःला विचारलं नाही. जावयाने ते सोडलं आणि सरळ रेषेत कापायला लागला. एक पट्टा इकडून तिकडे, शेजारचा तिकडून इकडे. गवत दोन बाजूंना कलायचं आणि मैदानावर गडद-फिका-गडद असे पट्टे उमटायचे. गवत तेच, मशीन तेच, पण मैदान एकदम फोटोत असल्यासारखं दिसायला लागलं. ज्यांनी वर्षानुवर्षं खाली मान घालून ते मैदान तुडवलं होतं ते आता वर गॅलरीत जाऊन बघायला लागले. मामा केस कापायला गेले तर न्हावी म्हणाला, जावयाने मैदानाचं नशीब काढलं हो. मामांनी आरशात बघूनच मान हलवली. म्हणजे आधी मैदान कमनशिबी होतं तर.

जावयाला ते एव्हाना अरे-तुरे करत होते, पोटच्या पोरासारखं. त्या दिवसापासून ते परत 'तुम्ही'वर गेले. जावयाला वाटलं, आता आपण कामाला लागलो म्हणून मामा मान देतायत. तो बिचारा खूश झाला.

आता त्या सळईबद्दल सांगायला हवं. इंजिनात ऑइल किती आहे ते बघायला एक चपटी सळई असते, वर टोपी आणि खाली दोन खुणा. खालच्या खुणेच्या खाली ऑइल गेलं तर कमी, वरच्या खुणेला टेकलं तर भरलं. पिवळीची मूळची सळई मामांनी फार वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने संपवली होती. पुसून गवतावर ठेवली, विसरले, आणि पिवळीवर बसून तिच्यावरूनच पातं फिरवलं. ऑफिसात सांगितलं असतं तर बोलणी खावी लागली असती. म्हणून त्यांनी मूग गिळले आणि भंगारवाल्याकडून दुसऱ्या कुठल्यातरी मशीनची सळई आणून बसवली. टोपी बरोब्बर बसली, पण सळई बोटभर लांब निघाली. लांब सळई तळाशी जाते, त्यामुळे ऑइल कमी असलं तरी खुणेला टेकलेलं दिसतं. मामांनी मापाने ऑइल भरून बघितलं आणि खरी पातळी जिथे आली तिथे, छापील खुणांच्या वर, कानशीने एक बारीक रेघ मारून ठेवली. पिवळी त्या रेघेवर चालायची. ती रेघ एकट्या मामांना माहीत होती.

काम जावयाच्या हाती देताना त्यांनी पिवळीबद्दल सगळं सांगितलं होतं. थंडीत ती कशी कुरकुरते, कोणतं चाक हवा सोडतं, कुठल्या वळणावर पातं वर घ्यायचं. रेघेचं राहिलं होतं. तेव्हा खरंच राहिलं होतं, मनात काही नव्हतं. ऑइल बदलायची वेळ येईल तेव्हा सांगू, असं ते स्वतःशी म्हणाले होते.

ती वेळ आली एका सुट्टीच्या सकाळी. लेकीने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, बाबा, उद्या तो पिवळीचं ऑइल बदलणार आहे, येऊन बसा जरा. मामा गेले. शेडबाहेरच्या सपाट फरशीवर पिवळी उभी होती. जावयाने त्यांना स्टूल आणून दिलं. भिंतीपाशी दोरीवर लेक कपडे वाळत घालत होती.

मामा मनातून चुका शोधायलाच बसले होते, हे कबूल करायला हवं. पण पोरगा चुकेना. त्याने इंजिन आधी थोडा वेळ चालू ठेवलं, म्हणजे ऑइल गरम होऊन पातळ होतं आणि तळाची घाण घेऊन बाहेर येतं. मग बंद करून किल्ली काढून खिशात टाकली. खाली जुनं घमेलं सरकवलं, पान्याने बोल्ट सैल केला आणि शेवटचे आटे हाताने फिरवून पटकन हात मागे घेतला. काळंकुट्ट ऑइल घमेल्यात उतरलं. धार थांबून थेंब थेंब पडायला लागलं तरी तो उठला नाही, थेंबही संपू दिले. बोल्टचा वायसर नवा घातला. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल फासलं आणि फिल्टर हाताने आवळला, पान्याने नाही. मामांनी स्वतः हा फिल्टर एकदा पान्याने आवळून पुढच्या खेपेला छिन्नी मारून काढला होता. त्यांना ते आठवलं आणि बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटलं.

तेवढ्यात क्लबचे दोन मेंबर फिरत फिरत तिथे आले. काय मैदान ठेवलंय, वगैरे. जावई कपाळावरचा घाम कोपराने पुसत म्हणाला, सगळं मामांनीच शिकवलंय. मेंबर हसले, मामांकडे बघून मान डोलावली आणि गेले.

आता हे बोलणं कुणाही सासऱ्याने पदरात बांधून घरी न्यावं असं होतं. पण मामांना ते झोंबलं. पट्टे त्यांनी शिकवले नव्हते. आपल्याला भीक घातली, असं त्यांना वाटलं. जावयाच्या बोलण्यात तसं काहीच नव्हतं. तो सरळ माणूस होता, त्याला जे वाटलं ते तो बोलला होता.

त्याने नवं ऑइल ओतायला घेतलं. थोडं ओतायचं, थांबायचं, सळई पुसून बुडवायची, बघायची. शेवटी सळई उजेडात धरून तो मामांजवळ आला. ऑइल वरच्या छापील खुणेला टेकलं होतं. कानशीची रेघ तिच्यावर कोरडी होती आणि अंगठ्याखाली झाकली गेली होती.

"मामा, खुणेपर्यंत आलंय," तो म्हणाला. "पण डब्यात बरंच उरलंय. घालू का अजून?"

एवढं सरळ कुणी कुणाला विचारत नाही. मामांनी सळईकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. अंगठा बाजूला कर, एवढंच म्हणायचं होतं.

"खुणेच्या वर जाऊ नये म्हणतात, जावईबापू," मामा म्हणाले. "जास्त झालं की धूर काढते. चहा घेणार का?"

बोलले त्यात अक्षर खोटं नव्हतं. जावयाने झाकण लावलं, इंजिन चालू करून बघितलं, पुन्हा सळई पुसून तपासली, सगळं रीतसर केलं. मामांनी मनात ठरवलं की उद्या यायचं आणि सहज बोलल्यासारखं सांगायचं, त्या सळईची एक गंमत आहे बरं का. सपाटीवर एका दिवसाने काही बिघडत नाही. पण एक दिवस तरी ह्याला कळू दे की सगळंच काही डोळ्यांना दिसत नसतं. एवढाच त्यांचा हिशेब होता. लेकीचं वाईट व्हावं असं स्वप्नातही त्यांच्या मनात नव्हतं, आणि तरीही तोंडात मिठाची गुळणी धरून ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून पिवळीचा आवाज आला, ठणठणीत. मामांचा जीव भांड्यात पडला आणि जरासा हिरमोडही झाला. तिसऱ्या दिवशीही तसंच. आवाज ऐकला की त्यांना वाटे, चाललंय की, म्हणजे तेवढं ऑइल पुरतंय. मग जाऊन सांगायचं ते काय? आणि सांगितलं तर प्रश्न येणार की त्या दिवशी का नाही सांगितलं. जितके दिवस जात होते तितकं सांगणं जड होत होतं, आणि ते जड होतंय हे त्यांना कळत होतं.

एकदा ते सांगायला म्हणून गेलेही. मामींना म्हणाले, लेकीकडे जाऊन येतो. चपला घालून रस्ता ओलांडून क्वार्टरमध्ये गेले. जावई घरी नव्हता. लेकीने त्यांना बसवलं आणि फोनमधला एक फोटो दाखवला. गॅलरीतून काढलेला, पट्ट्या-पट्ट्यांचं हिरवंगार मैदान. मॅनेजर तो मोठा करून ऑफिसात लावणार होता, आणि पुढच्या महिन्यात कायम करायचं पत्र देतो असंही म्हणाला होता. लेकीचा चेहरा असा उजळला होता की हिच्या नवऱ्याला नोकरी लागली की हिला, कळू नये. मामांनी फोटो हातात धरून बराच वेळ बघितला. छान आहे, म्हणाले. मग म्हणाले, निघतो. रस्त्यात त्यांनी स्वतःला समजावलं की तो घरी नव्हता, सांगणार कुणाला? लेकीला सांगितलं असतं तर चाललं असतं, हे त्यांनी स्वतःपासून लपवलं.

मैदानाच्या एका बाजूला प्रेक्षक बसतात तो उतार होता. तिथलं गवत शेवटी कापायचं. उतारावर मशीन तिरपं होतं आणि ऑइल एका अंगाला जातं. भरपूर असेल तर प्रश्न नाही, कमी असेल तर पंप ऑइलच्या जागी हवा ओढतो. मामांना हे ठाऊक होतं. जावई उतारावर कधी जाणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी ते विचारून घेतलं नाही.

एका दुपारी ऊन तापलेलं असताना मामा खोलीत खुर्चीवर बसून चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होते. पिवळीचा आवाज येत होता. मग त्यात एक टकटक मिसळली. दुसऱ्या कुणाला ती ऐकूही आली नसती. मामा उठले. चष्मा पडला तो तसाच ठेवून ते अनवाणी जिना उतरले आणि रस्त्यावरून धावत सुटले. ह्या वयात मामा कुठे पळतायत म्हणून लोक वळून बघत होते. ते फाटकापाशी पोचले आणि आतून खाडकन एक आवाज झाला. मग काहीच नाही. उतारावर अर्धा पट्टा कापून पिवळी उभी होती, तिच्या पोटातून धूर येत होता आणि जावई शेजारी उभा राहून दोन्ही हात डोक्यावर ठेवून बघत होता.

दुसऱ्या दिवशी बाहेरून मेकॅनिक आला. इंजिन जाम, आतला दांडा मोडून इंजिनाचं कवच फोडून बाहेर आलेला; हे आता दुरुस्त होत नाही, म्हणाला. ऑइल काढून त्याने मोजलं आणि म्हणाला, ह्या इंजिनाला एवढ्याने काय होतंय? मॅनेजरने जावयाला केबिनमध्ये बोलावलं. जावई एकच सांगत राहिला की मी खुणेपर्यंत भरलं होतं. मग मॅनेजरने मामांना बोलावणं पाठवलं. तुम्ही हे मशीन सांभाळलंय, तुम्हीच सांगा काय झालं ते.

मामांनी सगळं सांगितलं. ह्या वेळी काहीही हातचं राखलं नाही. सळईवर पातं फिरवलं ते, भंगारवाल्याची सळई, कानशीची रेघ. मेकॅनिकने काढून आणलेली सळई हातात घेऊन सगळ्यांना रेघ दाखवली.  मेकॅनिक म्हणाला, सळई दुसऱ्या मशीनची असूही शकेल, इतक्या जुन्या मशीनमध्ये काय काय बदललेलं असतं.

"बरं," मॅनेजर म्हणाला. "म्हणजे खरी खूण ही, आणि ती फक्त तुम्हाला माहीत होती."

"हो."

"आणि ऑइल भरताना तुम्ही तिथे होतात?"

"शेजारी बसलो होतो."

"आणि सख्ख्या जावयाला सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते जवळजवळ कौतुकच होतं.

"मामा, असं कोण करतं हो?" तो म्हणाला. "त्याला वाचवायला सगळं अंगावर घेताय ते दिसतंय मला. माझा सासरा असता तर मला बरं वाटलं असतं. पण वर उत्तर मला द्यायचंय. ही रेघ काय, काल रात्रीही मारता येते."

मामा पुन्हा पुन्हा सांगत राहिले. जितकं सांगत होते तितकं ते सासऱ्याच्या मायेचं होत चाललं होतं. आयुष्यभर वेळ मारून नेताना लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला होता, आणि आज कुणी ठेवेना. जावयाला कायम करायचा प्रश्नच उरला नाही, महिनाअखेर क्वार्टर रिकामी करा म्हणून सांगण्यात आलं.

बाहेर आल्यावर जावयाने मामांचा हात धरला. त्याचे डोळे भरले होते. "मामा, तुम्ही माझ्यासाठी एवढ्या लोकांत खोटं बोललात," तो म्हणाला. मामा म्हणाले, अरे, खोटं नव्हतं ते. किती दिवसांनी त्यांच्या तोंडून 'अरे' निघालं. जावई मान हलवत राहिला. राहू द्या मामा, मला कळतं.

क्वार्टरमध्ये लेक दारातच उभी होती. जावयाने तिला सगळं सांगितलं. आपलं थोडक्यात आणि मामांचं सविस्तर. बाबांनी काय काय रचलं, सळई, रेघ, भंगारवाला, सगळं. लेक नवऱ्याकडे न बघता बापाकडे बघत ऐकत होती. सांगून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, शेडच्या किल्ल्या ऑफिसात नेऊन दे, मागायला यायच्या आधी. तो गेला.

तिने मामांना स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. नव्याने रंगवलेल्या भिंतीला टेकून उभी राहिली, मग रंग लागेल म्हणून सवयीने बाजूला झाली. रंग केव्हाच वाळलेला होता.

"त्याने तुम्हाला विचारलं होतं बाबा," ती म्हणाली. "अजून घालू का म्हणाला. मी कपडे वाळत घालत होते, मला ऐकू आलं होतं."

मामांनी मान खाली घातली. आज दिवसभरात हे एकच माणूस निघालं ज्याला त्यांचं खरं वाटलं, आणि ते हे माणूस नसतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"मी सांगतो त्याला," ते कसेबसे म्हणाले. "नीट बसवून सांगतो. त्याला पटेपर्यंत सांगतो."

"नको."

"अगं पण..."

"त्याची नोकरी गेली, घर गेलं. आज त्याला एकच गोष्ट चांगली वाटतेय, की तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहिलात. ती तरी राहू दे त्याच्याकडे. तुम्हाला मोकळं व्हायचं असेल तर दुसरीकडे कुठे व्हा."

ती रडली नाही की आवाज चढवला नाही. आत जाऊन माळ्यावरची खोकी खाली काढायला लागली. मामा मदतीला उठले तेव्हा तिने त्यांच्याकडे न बघता सांगितलं की बसा, मी करते. ते बसले.

किल्ल्या देऊन जावई परत आला. मामा एकटेच बसलेले बघून तो त्यांच्या शेजारी येऊन बसला. कुठेतरी काम मिळेल, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, असं त्यानेच त्यांना समजावलं. माझे वडील असते तर त्यांनीही एवढं केलं नसतं, असंही म्हणाला. आतल्या खोलीत खोकी सरकवायचा आवाज थांबला होता. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत.